उपऱ्याचा वर्णपट

एकाच प्रकारच्या अणूंचा एक थंडगार ढग आहे. त्यात वेगळ्या प्रकारचा एकच अणू सोडला, तर त्याचं पुढे काय होईल?

प्रश्न शाळकरी वाटावा इतका साधा आहे. पण गेली नव्वदेक वर्षं तो वेगवेगळे वेष घेऊन भौतिकशास्त्रात फिरतो आहे, आणि माझाही पिच्छा सोडत नाही. खरं सांगायचं तर त्याच्या उत्तरापेक्षा उत्तर काढायची पद्धत मला जास्त आवडते. त्या उपऱ्या अणूला ‘बाबा रे, तू आता कोण झालास’ असं कुणी विचारत नाही. त्याचा वर्णपट काढतात, आणि त्यावरून तो अजून किती ‘तोच’ उरला आहे ते मोजतात. शब्दशः मोजतात. उत्तर शून्य आणि एक यांच्या मधल्या एका आकड्यात येतं.

आधी ढगाबद्दल. त्यातले अणू फर्मिऑन असतात, म्हणजे पाउलीने १९२५ साली सांगितलेला नियम पाळणारे: दोघांनी एकाच क्वांटम अवस्थेत राहायचं नाही. पुढच्याच वर्षी फर्मीने या नियमावर चालणाऱ्या वायूचं गणित मांडलं. तेव्हा तो फ्लॉरेन्सला शिकवत होता. असा वायू पुरेसा थंड केला की अणू तळापासून एकेक अवस्था भरत वर येतात आणि एका ठरावीक ऊर्जेपाशी थांबतात. ती फर्मी ऊर्जा, आणि तिच्याखालचा भरलेला सगळा भाग म्हणजे फर्मी समुद्र. तळातल्या अणूला हलायचं म्हटलं तरी शेजारच्या अवस्था भरलेल्या, त्यामुळे तो जागचा हलत नाही. जी काही हालचाल होते ती काठावरच्यांची.

शिवाय एक सोय अशी, की इतक्या थंडीत एकसारखे फर्मिऑन एकमेकांशी जवळजवळ टकरतच नाहीत. पाउलीचा नियम त्यांना तेवढं जवळ येऊच देत नाही. म्हणजे समुद्र स्वतःपुरता अगदी शांत आणि सोपा. या गोष्टीत जे काही घडतं ते त्या एका उपऱ्यामुळे. सैद्धांतिक माणसाला यापेक्षा स्वच्छ मांडणी मिळणं कठीण.

उपऱ्याचे हाल वर्णपटातून वाचायची युक्ती मात्र अतिथंड अणूंच्या कितीतरी आधीची. १९३४ साली रोममध्ये अमाल्दी आणि सेग्रे सोडियम, पोटॅशियमसारख्या धातूंच्या वाफेत दुसरे वायू मिसळून तिच्या वर्णपटरेषा पाहत होते. अणूतला इलेक्ट्रॉन फार वरच्या कक्षेत गेला की अणू इतका फुगतो की परक्या वायूचे हजारो अणू त्याच्या पोटात मावतात. अशा वेळी रेषा आपली जागा सोडतात. त्या सगळ्या एकाच दिशेला सरकाव्यात अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात एका वायूत त्या लाल बाजूला गेल्या, तर दुसऱ्यात निळ्या.

उलगडा फर्मीने केला. तो संथ इलेक्ट्रॉन वाटेतल्या अणूवर आपटतो तेव्हा अणूच्या आत काय चाललं आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. सगळी टक्कर एका लांबीत सांगता येते. ती लांबी धन असेल तर रेषा एकीकडे सरकते, ऋण असेल तर दुसरीकडे. आज तिला स्कॅटरिंग लेंथ म्हणतात, आणि थंड अणूंच्या जगात तिच्यावाचून पान हलत नाही. समुद्रालाही फर्मीचं नाव आणि सरकलेल्या रेषेचा पहिला अर्थही त्याचाच, हे मला भारी वाटतं, कारण या दोन गोष्टी एका प्रयोगात एकत्र यायला पुढे सत्तरेक वर्षं जावी लागली.

मधल्या काळात हा प्रश्न धातूंमध्ये मुक्कामाला होता. लांडाऊने १९३३ साली एका छोट्याशा लेखात सुचवलं होतं की स्फटिकातून जाणारा इलेक्ट्रॉन भोवतालची जाळी किंचित विस्कटतो आणि तो विस्कोट सोबत घेऊन फिरतो. पेकारने त्या जोडगोळीला पोलॅरॉन हे नाव दिलं. इलेक्ट्रॉन आणि त्याच्याभोवतीचा गोतावळा मिळून एकच कण धरायचा. त्याचं वस्तुमान जरा जास्त, ऊर्जा जरा कमी. पन्नाशीच्या दशकात लांडाऊने हाच विचार फर्मिऑनच्या द्रवाला लावला आणि क्वासीपार्टिकल ही कल्पना पक्की झाली. पण धातूत हवी ती स्कॅटरिंग लेंथ निवडता येत नाही. निसर्गाने जी दिली ती दिली.

१९९९ साली बोल्डरमध्ये डेबोरा जिन आणि ब्रायन डीमार्को यांनी पोटॅशियम-४० चा वायू पाउलीचा नियम जाणवू लागेल इतका थंड केला, आणि चित्र पालटलं. हा वायू हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो. दोन अणूंमधलं अंतर मायक्रोमीटरच्या घरात, तापमान केल्व्हिनच्या दशलक्षांश भागाच्या आसपास. आणि मुख्य म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं बटण फिरवलं की दोन वेगळ्या अवस्थांतल्या अणूंमधली स्कॅटरिंग लेंथ हवी तशी बदलते. लिथियम-६ च्या सर्वांत खालच्या दोन अवस्थांसाठी ८३२ गाउसच्या आसपास ती अनंताला जाऊन भिडते. याला फेशबाख रेझोनन्स म्हणतात.

ती अनंत झाली की एक नवल घडतं. लांबी म्हणून मोजपट्टीला जवळ धरण्यासारखं ढगात काही उरत नाही, फक्त अणूंमधलं सरासरी अंतर. म्हणजे उपऱ्याची ऊर्जा फर्मी ऊर्जेच्या कुठल्यातरी शुद्ध अपूर्णांकाइतकीच असली पाहिजे. वस्तुमानं सारखी असतील तर लिथियम असो की पोटॅशियम, अपूर्णांक तोच.

हा अपूर्णांक मोजतात कसा, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. लेझरच्या किरणांत तरंगणारा लिथियमचा ढग. बहुतेक अणू एका अवस्थेत, थोडे दुसऱ्या अवस्थेत. हे थोडे म्हणजे आपले उपरे. (सिद्धांतात तो एकटा असतो. प्रयोगात एकट्या अणूचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून शेकड्याला काहीच या हिशेबाने टाकतात आणि ते एकमेकांच्या वाटेला जात नाहीत असं धरून चालतात.) आता त्यांच्यावर रेडिओलहरींचा एक झटका सोडायचा. वारंवारता ८० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली. वारंवारता नेमकी जुळली तर उपरा अणू उडी मारून तिसऱ्या अवस्थेत जातो, जिथे त्याला समुद्र जवळजवळ जाणवत नाही. मग लेझरचा एक लखलखाट, ढगाची सावली कॅमेऱ्यावर, आणि सावलीवरून किती अणू पलीकडे गेले त्याची मोजदाद.

त्या लखलखाटात ढग संपतो. आलेखावर एक ठिपका मिळाला. पुढच्या ठिपक्यासाठी नवा ढग पकडायचा, पुन्हा थंड करायचा, वारंवारता किंचित बदलायची, पुन्हा झटका. शोधनिबंधात वर्णपटाची रेघ दिसते तेव्हा त्यातल्या प्रत्येक ठिपक्यामागे किमान एक आख्खा ढग खर्ची पडलेला असतो. हे कळल्यापासून अशा आलेखांवरून माझी नजर पूर्वीसारखी भरकन पुढे जात नाही.

रिकाम्या जागेत एकटा अणू असता तर एकाच वारंवारतेला एक सुईसारखं टोक आलं असतं. समुद्रात ते टोक सरकतं. उपऱ्याने भोवतालच्या अणूंना जवळ ओढून स्वतःची ऊर्जा कमी करून घेतलेली असते, म्हणून त्याला बाहेर काढायला थोडी जास्त ऊर्जा लागते. ८० मेगाहर्ट्झच्या मानाने ही सरक क्षुल्लक, किलोहर्ट्झमध्ये मोजायची. पण तिच्यातच सगळं आहे. टोक किती सरकलं ते ऊर्जा सांगतं. किती रुंद झालं यावरून तो कण किती काळ टिकेल ते कळतं. आणि टोकाखालचं क्षेत्रफळ सांगतं की ही बाई किंवा बुवा मूळ माणूस म्हणून किती शिल्लक आहेत.

शोधनिबंधांत मथळा नेहमी ऊर्जेला मिळतो. माझा जीव क्षेत्रफळात. नियम असा, की वर्णपटाखालचं एकूण क्षेत्रफळ नेहमी एकच असतं. उपरा कितीही अडकला, गुंतला, विखुरला तरी बेरीज बदलत नाही. टोकाखालून जे गळतं ते बाजूच्या पसरट, बिनटोकाच्या पठारात जाऊन बसतं. त्या पठाराकडे कुणी फारसं पाहत नाही, पण हिशेब पुरा करायचा तर तिथेच जावं लागतं.

२००९ साली एमआयटीत मार्टिन झ्वीरलाइन यांच्या गटाने हा वर्णपट काढला. त्यांची शक्कल सुरेख होती. नुसत्या उपऱ्यांचा नाही, समुद्राच्या अणूंचाही वर्णपट घेतला आणि दोन्ही एकावर एक ठेवले. आकर्षण खूप तीव्र असताना दोन्ही तंतोतंत जुळले, कारण उपऱ्याने समुद्रातला एक अणू पक्का धरून रेणू केला होता, आणि रेणू फोडला की दोघे एकाच भावाने सुटतात. आकर्षण जरा सैल करत नेलं तसं उपऱ्याच्या वर्णपटात एक अणकुचीदार टोक वर आलं, आणि समुद्राच्या वर्णपटात त्या जागी त्याच्या जोडीचं काहीच नव्हतं. म्हणजे आता तो कुणा एकाचा राहिला नव्हता. सगळ्यांशी थोडा थोडा बांधला गेला होता. रेझोनन्सच्या ठिकाणी ऊर्जा आली फर्मी ऊर्जेच्या उणे ०.६४ पट, चूक ०.०७ इकडेतिकडे.

सिद्धांत तीन वर्षं आधीच तयार होता, आणि त्याची गंमत मला अजून ओसरलेली नाही. पॅरिसच्या फ्रेडेरिक शेव्हींनी २००६ मध्ये उपऱ्याच्या अवस्थेसाठी एक अगदी काटकसरी अंदाज लिहिला. एक शक्यता: समुद्र जसाच्या तसा, उपरा आपल्या जागी. बाकीच्या शक्यता: उपऱ्याने समुद्रातला एक, फक्त एक, अणू काठाबाहेर उडवला, मागे एक भोक राहिलं, आणि उपऱ्याला उलटा धक्का बसला. बस्स. असंख्य अणूंचा तीव्रतम आंतरक्रियेचा प्रश्न आणि त्यात एका भोकाची मुभा. यातून आकडा निघतो उणे ०.६०७. कॉम्बेस्को आणि जिरो यांनी २००८ मध्ये दोन भोकांपर्यंत हिशेब नेला, तर उणे ०.६१५६. सगळी मेहनत करून फरक शेकडा दीडच्याही आत. प्रोकोफ्येव्ह आणि स्विस्तुनोव्ह यांची मोंटे कार्लो (यादृच्छिक नमुने घेत संगणकावर केलेली) आकडेमोडही तिथेच येऊन थांबली.

का? कॉम्बेस्को-जिरो यांनी दाखवलं की जास्त भोकं पाडणाऱ्या शक्यता एकमेकींच्या विरुद्ध चिन्हांनी येतात आणि जवळजवळ पुसल्या जातात. या नशिबाला मी नशीब म्हणतो खरा, पण त्यामागे पाउलीचाच नियम आहे. दुसरं भोक पहिल्याशी अदलाबदल करून पाहा, चिन्ह फिरतं. ज्या नियमामुळे समुद्र ताठ राहतो त्याच नियमामुळे त्याचं गणित माणसाच्या आवाक्यात राहतं.

शेव्हींच्या हिशेबात रेझोनन्सपाशी टोकाखालचं क्षेत्रफळ येतं सुमारे ०.७८, आणि पोलॅरॉनचं वस्तुमान मूळ अणूच्या साधारण १.२ पट. जमेल तितकं प्रबळ आकर्षण, चहूबाजूंनी समुद्र, आणि तरी उपरा तीन-चतुर्थांशाहून जास्त स्वतःच. (प्रयोगात हे क्षेत्रफळ काढणं ऊर्जा काढण्यापेक्षा पुष्कळ कटकटीचं आहे. एमआयटीच्या पहिल्या मापनात ते बरंच कमी भरलं होतं.)

०.७८ हा आकडा किती मोठा आहे हे समजायला शून्याकडे पाहावं लागतं. १९६७ साली फिलिप अँडरसन यांनी उलटा प्रश्न विचारला: उपरा अनंत जड असेल, जागचा हलूच शकत नसेल, तर? समुद्रातल्या प्रत्येक अवस्थेला त्याची अगदी बारीकशी झळ लागते. एकेकीकडे पाहिलं तर काहीच झालेलं नाही. पण सगळा समुद्र एकत्र घेऊन जुनी अवस्था आणि नवी अवस्था यांचा मेळ काढला, तर कणांची संख्या वाढते तसा तो घटत जातो आणि अनंत संख्येला शून्य होतो. टोक उरतच नाही. त्याच्या जागी एक तिरपी, हळूहळू उतरणारी कड येते. धातूवर क्ष-किरण मारून आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवला की मागे जे स्थिर भोक राहतं, त्याच्या वर्णपटाच्या काठाशी नेमकं हेच घडतं. महान यांनी ते १९६७ मध्येच ओळखलं, आणि नोझिएर आणि डी डॉमिनिसिस यांनी १९६९ मध्ये त्याचं पुरतं गणित केलं. अँडरसन यांच्या निष्कर्षाला पुढे ‘ऑर्थोगोनॅलिटी कॅटॅस्ट्रफी’ असं दणदणीत नाव मिळालं.

मग हलणारा उपरा वाचतो कशाने? धक्क्याने. समुद्राच्या काठावर बारीक बारीक खळबळी जवळजवळ फुकट उठवता येतात, आणि स्थिर उपऱ्याभोवती अशा असंख्य खळबळी जमून त्याची ओळख खाऊन टाकतात. उपरा हलका असेल तर प्रत्येक खळबळ उठवताना त्याला स्वतःला उलटा धक्का सोसावा लागतो आणि त्या धक्क्याची ऊर्जा मोजावी लागते. फुकटेपणा संपला की गर्दीही संपते. आपल्याला साहजिक वाटतं की जो अढळ तो टिकेल. तीन मितींतला फर्मी समुद्र नेमकं उलट सांगतो. अर्थात एका मितीत ही पळवाटही बंद होते. तिथे हलणाऱ्यालाही सोडवणूक नाही.

धातूत हे सगळं घडताना पाहणं जवळजवळ अशक्यच. तांब्याची फर्मी ऊर्जा सुमारे ७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. तिच्यावरून निघणारा काळ १०० अ‍ॅटोसेकंदांच्या आसपास (एक अ‍ॅटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश). थंड वायूत तोच काळ मायक्रोसेकंदांचा होतो. इन्सब्रुकच्या रुडॉल्फ ग्रिम यांच्या गटाने लिथियम-६ च्या समुद्रात पोटॅशियम-४० चे उपरे टाकले. त्यांच्या ढगात हा काळ २.९ मायक्रोसेकंद होता, तांब्याच्या तीन हजार कोटी पट. एवढी सवड मिळाल्यावर त्यांनी २०१६ मध्ये समुद्राला उपऱ्याची जाणीव होत असतानाच त्याला गाठलं. रेडिओच्या अर्ध्या झटक्याने उपऱ्याला समुद्र जाणवणारी आणि न जाणवणारी अशा दोन अवस्थांच्या मिश्रणात ठेवायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा, दुसऱ्या अर्ध्या झटक्याने दोन्ही अवस्थांचा मेळ तपासायचा. मेळ कसा घटत जातो त्याचा काळानुसार आलेख म्हणजे वर्णपटाचंच दुसरं रूप. फूरिये रूपांतर नावाच्या गणिती क्रियेने एकातून दुसरं मिळतं. वर्णपटात जे पठार म्हणून पसरलेलं दिसतं ते इथे सुरुवातीच्या काही मायक्रोसेकंदांतली घसरण म्हणून दिसतं. पोलॅरॉन अजून जमून यायचा असतो, तेवढ्यातली.

वर्णपटात आणखी एक टोक असतं, धन ऊर्जेच्या बाजूला. तो प्रतिकर्षी पोलॅरॉन: समुद्राला दूर ढकलून बसलेला उपरा. त्याच्या खाली रेणूची आणि आकर्षी पोलॅरॉनची अवस्था मोकळी असते, त्यामुळे तो आज ना उद्या खाली घसरणारच, आणि म्हणून त्याचं टोक रेझोनन्सकडे जाताना रुंदावत जातं. २०१२ मध्ये इन्सब्रुकने तो पोटॅशियमच्या उपऱ्यांत दाखवला. २०१७ मध्ये लिथियममध्ये त्याचं बारकाईने मापन झालं ते फ्लॉरेन्सच्या प्रयोगशाळेत. म्हणजे फर्मीने समुद्राचं गणित जिथे मांडलं त्याच शहराच्या परिसरात. यात अर्थ काही नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तापमान वाढवलं की काय होतं तेही एमआयटीने २०१९ मध्ये पाहिलं. आधी टोक तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात रुंदावतं, लांडाऊच्या द्रवाने रुंदावावं तसं. फर्मी तापमानाच्या (म्हणजे फर्मी ऊर्जाच तापमानाच्या भाषेत) साधारण पाऊणपट आलं की वर्णपटाचं शिखर आपली जागा सोडून शून्य सरकीपाशी जातं. रुंदी फर्मी ऊर्जेइतकी झालेली असते. इथे ‘तो कण’ असं म्हणण्यात अर्थ उरत नाही, आणि मला ही जागा फार आवडते. कण असणं ही होय-नाहीची गोष्ट नसून टोकाच्या रुंदीची गोष्ट आहे, हे इथे मान्य करावंच लागतं.

कल्पना थंड वायूपुरती राहिली नाही. मॉलिब्डेनम डायसेलेनाइडच्या एक-थरी अर्धवाहकात प्रकाशाने एक्सायटॉन (उडालेला इलेक्ट्रॉन आणि त्याच्या मागे राहिलेलं भोक यांची जोडी) निर्माण केला आणि थरात मोकळे इलेक्ट्रॉनही असले, तर वर्णपटात दोन टोकं येतात. खालच्या टोकाला वर्षानुवर्षं ट्रायॉन म्हणत आले, म्हणजे एक्सायटॉनने एक इलेक्ट्रॉन पकडला आहे असं धरून. झुरिकच्या ईटीएचमधल्या गटाने २०१७ मध्ये मांडलं की इलेक्ट्रॉन पुरेसे असतील तर ही दोन टोकं आकर्षी आणि प्रतिकर्षी पोलॅरॉनची आहेत. एक्सायटॉन उपरा, इलेक्ट्रॉन समुद्र. इलेक्ट्रॉन अगदी विरळ असले की दोन्ही चित्रं एकाच उत्तराला येतात, म्हणून वाद पुरता मिटलेला नाही. एमआयटीने दोन वर्णपट एकमेकांवर ठेवून जो प्रश्न सोडवला, तोच इथे पुन्हा उभा आहे: एकाचा की सगळ्यांचा.

आणि उपरे दोन असले तर? दोघांमध्ये थेट काहीच देवाणघेवाण नाही असं धरलं, तरी एकाने समुद्रात केलेली उलथापालथ दुसऱ्याला जाणवणारच. ग्रिम यांच्या गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लिथियमच्या त्याच समुद्रात एकदा पोटॅशियम-४० चे उपरे टाकले आणि एकदा पोटॅशियम-४१ चे. वस्तुमानात जेमतेम अडीच टक्क्यांचा फरक. पण पहिला फर्मिऑन आहे आणि दुसरा बोसॉन, म्हणजे पाउलीचा नियम लागू नसलेला. उपऱ्यांची संख्या वाढवत टोक कुठे सरकतं ते पाहिलं. बोसॉन उपरे समुद्राच्या मध्यस्थीने एकमेकांना ओढतात, फर्मिऑन उपरे ढकलतात. समुद्र तोच, मध्यस्थी तीच, आणि चिन्ह ठरतं ते उपरे आपसात कोण आहेत यावरून.